काउंटच्या सासूबाई

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाला झापत होत्या. चर्चच्या उजव्या भिंतीशी त्याचं दगडी थडगं आहे. वर तो स्वतः दगडाचा होऊन उताणा पडलेला, हात जोडलेले, पाय एका कुत्र्यावर टेकवलेले, आणि शेजारी त्याच्याहून अर्धा फूट बुटकी बायको. काकू कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. साडी, वर कार्डिगन, पायांत स्पोर्ट्स शूज. "काय जावईबापू, झाली का झोप? का अजून कुणाची लेक देशोधडीला लावायची राहिल्ये?" हे सगळं खणखणीत मराठीत, आणि आसपास चार इंग्रज पाहुणे अदबीने उभे. त्यांना वाटलं असावं, बाई प्रार्थना म्हणताहेत.

हा माणूस म्हणजे आमचा काउंट. इंग्लंडात तसे काउंट नसतात, अर्ल असतात. पण हा समुद्रापलीकडून पदवी घेऊन आला, राजाने जमीन दिली म्हणून राहिला आणि गावाने त्याला काउंटच ठेवलं. लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या टोकाला उतरून पुढे बसने गेलं की ते गाव लागतं. चर्च ज्या ट्रस्टकडे होतं तिथे मी शाळांच्या सहली सांभाळायची नोकरी करत होते. काकू तिथे दर गुरुवारी हॅरोहून फुकटच्या बसपासवर येणाऱ्या व्हॉलंटिअर गाइड. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. मी घरी येऊन हा प्रकार सांगितला तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे काउंटच्या सासूबाईच की!" तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव तेच पडलं. मी एकदा त्यांना ते सांगूनही टाकलं. रागावतील असं वाटलं होतं, पण म्हणाल्या, "बरोबर आहे. त्या पोरीच्या बाजूने बोलायला दुसरं कोण आहे?"

काकू रागीट होत्या. हे गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. व्यक्तिचित्रातली माणसं वरून फणसासारखी आणि आतून गोड असतात. काकू आतूनही काटेरीच होत्या. बस दोन मिनिटं उशिरा आली तरी त्या ड्रायव्हरला घड्याळ दाखवत. कुणी समोशाला 'इंडियन पेस्टी' म्हटलं की त्याची पंधरा मिनिटं गेलीच. पण त्यांचा राग कधी उगाच नसे, आणि तो कुणासाठी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असे. मला आयुष्यभर हे जमलेलं नाही. माझा राग घरी पोचल्यावर, भांडी घासताना येतो.

जावईबापूंवरच्या रागाचं कारण त्याच्या संसारात होतं. चर्चमध्ये शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा पाद्र्याने लिहिलेली एक माहितीपुस्तिका मिळायची. तिच्यात म्हटलं होतं, की काउंटच्या बायका दोन. पहिली दूर दक्षिणेकडची एर्मेसिंदा. अतिशय सात्त्विक, एक मुलगी झाली आणि बिचारी लवकर वारली. दुसरी मॉड. तिला मुलगा झाला, म्हणून तिने सावत्र मुलीला बाराव्या वर्षी मठात जोगीण करून टाकलं, आणि थडग्यावरही नवऱ्याशेजारची जागा स्वतः पटकावली. शाळेच्या मुलांसाठी मी याचं छोटं नाटुकलं बसवलं होतं. एका मुलीला काळा झगा घालून मॉड करायचं आणि बाकीच्यांनी तिला "बू" करायचं. मुलांना फार आवडायचं. काकूंनी ते एकदाच पाहिलं आणि सगळी मुलं बसमध्ये चढेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "अगं रश्मी, ही दुसरी बायको कुठनं आणलीत तुम्ही?"

"पुस्तिकेत आहे काकू. जुन्या कागदांत दोन वेगवेगळी नावं आहेत."

"दोन कागद म्हणजे दोन बॅगा नव्हेत," काकू म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. हाउन्सलोला राहत असताना त्यांनी चोवीस वर्षं विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर काढली होती. नवरा एका खिडकीवर सांगे, निळी बॅग हरवली. बायको दुसऱ्या खिडकीवर सांगे, हिरवट बॅग, चाक मोडकं. कागद दोन व्हायचे आणि पुढचे चार दिवस सगळी माणसं दोन बॅगा शोधत बसायची. काकू तेवढ्या दोन्ही कागद शेजारी ठेवून वर्णन सोडून द्यायच्या आणि आत काय काय आहे ते वाचायच्या. दोन्हींत एकाच आजोबांची औषधं निघाली, की बॅग एक. जावईबापूंच्या घरात त्या याच वाटेने शिरल्या. काउंटने जवळच्या मठाला दिलेल्या दानपत्रांचं छापील इंग्रजी भाषांतर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ग्रंथालयात होतं. दोन हिवाळे त्यांनी तिथे काढले, शंभर पानी वह्यांत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी लिहीत.

एका गुरुवारी त्यांनी मला चर्चच्या मागच्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, हे बघ, या माणसाने कुणाकुणाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला पैका दिलाय. बापासाठी दिलाय, आईसाठी दिलाय, लढाईत मेलेल्या भावासाठी दिलाय. कुठल्याशा म्हाताऱ्या दाईसाठीही मेणबत्त्या लावायला सांगितल्यात. "मग मेलेल्या पहिल्या बायकोसाठी काहीच कसं नाही? आपल्याकडे दुसरी आली तरी पहिलीची अविधवा नवमी चुकवतात का? दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक असतो. घरात मेलेली बाई असली की ती कुठे ना कुठे दिसतेच. ही दिसत नाही. का? तर ती मेलीच नाही." आणखी एक होतं. म्हातारपणी मॉडने मठाला एक पाणचक्की दान केली. ही चक्की एर्मेसिंदाला बापाने लग्नात दिलेली. "दुसऱ्या बायकोला पहिलीच्या माहेरचं दान करायचा काय अधिकार? आणि मठवाले घेतील? नाही. तिने स्वतःच्या माहेरचं दिलं. एर्मेसिंदा हीच मॉड. इथे आल्यावर नाव बदललं तिचं."

"असं कसं नाव बदलतील?" मी विचारलं. मी पुण्याची, लग्नानंतर नाव सोडा, आडनावही न बदललेली.

 काकूंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. वकिलापुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. द्वारका गणेश सोवनी आणि नीलिमा वसंत करंबेळकर या दोन व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे, असं द्वारका ऊर्फ नीलिमाने शपथेवर सांगितलेलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'नीलिमा' लिहिलं, कारण द्वारका हे नाव त्याला जुनाट वाटलं आणि इंग्लंडात कुणाला उच्चारता आलं नसतं. पुढे शाळेचा दाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. इथे प्रत्येक कचेरीत त्यांना विचारत, या दुसऱ्या बाई कोण? "तीन वेळा शपथेवर सांगितलंय मी, की मी ती मीच आहे. आणि या पाद्र्याने काय केलं? त्या पोरीचं नाव बदललं म्हणून अर्धीला मारून टाकलं आणि अर्धीला सैतान केलं."

मी म्हटलं, "पण काकू, मग तर ते जास्त वाईट ना? म्हणजे सख्ख्या आईनेच मुलीला मठात पाठवलं."

"वाईटच," त्या ताडकन म्हणाल्या. "मी कुठे म्हणते चांगलं? मला बाविसाव्या वर्षी, फोटो बघून, पाच हजार मैलांवर दिली. कोण होती देणारी? सख्खी आईच होती. रडली, आणि दिलं. हा बघ, बाप कसा पडलाय मस्त, कुत्र्यावर पाय ठेवून. त्याला कुणी बू करत नाही." आणि त्यांनी जावईबापूंच्या दगडी खांद्यावर पर्सची एक सणसणीत चापट मारली. थडग्याला हात लावायला सक्त मनाई होती. मी तिकडे पाहिलंच नाही असं दाखवलं. पुढच्या सहलीपासून मी ते नाटुकलं बंद केलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं मी रागाने लिहिते आहे, दुःखाने नव्हे.

ट्रस्टने थडग्यापाशी नवा फलक लावायचं ठरवलं. त्यासाठी एका विद्यापीठातले इतिहासाचे डॉक्टर नेमले. गोड माणूस. काकूंशी त्यांची ओळख मीच करून दिली. काकूंनी त्यांना चहा पाजून सगळं समजावलं. नवमी समजावली, पाणचक्की समजावली, प्रतिज्ञापत्र दाखवलं. ते दर वाक्याला "हाउ चार्मिंग" म्हणत होते. काकू मला मराठीत म्हणाल्या, "याला चार्मिंग वाटतंय, खरं वाटतंय की नाही विचार." मी विचारलं नाही. डॉक्टर वह्या पंधरा दिवसांसाठी मागून घेऊन गेले. पण निम्म्या वह्या मराठीत. मग त्यांचा मला मेल आला, जरा इंग्रजी करून द्याल का? मला केवढा अभिमान वाटला! तीन शनिवार-रविवार बसून मी चाळीस पानं टाइप करून दिली. काकूंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही. एकदम सगळं छापून आल्यावर त्यांना चकित करू, असं मनात होतं. निदान आज मी स्वतःला तसं सांगते.

वर्षभराने फलकाचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. नव्या संशोधनानुसार काउंटची पत्नी एकच होती, असं त्यात होतं. संशोधन कुणाचं, तर डॉक्टरांचं. त्यांचं नाव आणि विद्यापीठाचं नाव ठळक. खाली बारीक अक्षरांत 'चर्चच्या स्वयंसेवकांचे आभार'. मी दोनदा वाचलं. मॅनेजरकडे गेले. ती म्हणाली, "वी डोंट नेम इंडिव्हिज्युअल व्हॉलंटिअर्स, रश्मी. इट्स पॉलिसी." मग डॉक्टरांचं नाव कसं? ते ऑथॉरिटी आहेत. माझी नोकरी करारावरची होती आणि करार वाढवायचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. मी जागेवर येऊन उत्तर लिहिलं, "लुक्स ग्रेट!" पुढे उद्गारचिन्हसुद्धा दिलं. त्या उद्गारचिन्हाची मला अजून लाज वाटते.

फलकाच्या उद्घाटनाला काकू ठेवणीतली नारायणपेठ नेसून आल्या. चहा होता, केक होता, डॉक्टरांचं दहा मिनिटांचं भाषण होतं. टाळ्या झाल्यावर लोक केककडे वळले आणि काकू भिंग काढून फलकापाशी गेल्या. एकेक ओळ वाचली. मग मला खुणेने बोलावलं. आवाज अगदी साधा. मला त्या आवाजाचीच भीती वाटली.

"माझं मराठी त्याला कुणी वाचून दिलं?"

"मी, काकू."

"आणि हे छापण्याआधी तू पाहिलं होतंस?"

"हो."

"त्यात माझं नाव नाही, हे दिसलं तुला?"

"हो काकू. मी मॅनेजरला विचारलं होतं, पण..."

"आणि हिचं?" त्यांनी फलकावर बोट ठेवलं. मी वाचलं. काउंट आणि त्याची पत्नी मॉड. पूर्वी चुकीने दोन स्त्रिया समजल्या गेलेल्या. एर्मेसिंदा हे नाव अख्ख्या फलकावर कुठे नव्हतं. मजकूर आटोपशीर करताना कुणीतरी काढून टाकलं असणार. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं. "दोघींची एक केली," काकू म्हणाल्या, "आणि ठेवली कुठली, तर नवऱ्याने नाव दिलेली. मी दोन वर्षं याचसाठी घासली का गं?" मी काहीतरी बोलू लागले. त्यांनी हात वर केला. "माझ्याकडे बॅग चोरीला गेली म्हणून लोक रडत यायचे. मी सांगायची, चोरी नसेल, चुकून कुणी उचलली असेल. तुला मी आता असं काय सांगू?" त्यांनी कोट घातला, आणि डॉक्टर हसतमुखाने त्यांच्याकडे येत होते, त्यांना वळसा घालून त्या बस स्टॉपकडे निघून गेल्या. पुन्हा त्या चर्चमध्ये आल्या नाहीत.

मी फोन केले. उचलले नाहीत. दिवाळीत बेसनाचे लाडू घेऊन हॅरोला त्यांच्या दारात गेले. दार उघडलं, डबा घेतला, "थंडी आहे, जा आता" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा समीर डबा परत द्यायला आला. लख्ख घासलेला, आणि रिकामा. मराठी घरातून डबा रिकामा परत जात नाही. काही नसेल तर निदान चिमूटभर साखर घालतात. समीरचा जन्म हाउन्सलोचा, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो बिचारा म्हणाला, "आईने स्पेसिफिकली सांगितलं, काही टाकू नको आतमध्ये. मी म्हटलं अॅटलीस्ट चॉकलेट्स टाकू? शी वॉज लाइक, अजिबात नाही." मी त्याला थँक्यू म्हटलं. तो गेल्यावर तो डबा मी स्वयंपाकघरात जोरात आपटला. मला काकूंचा भयंकर राग आला. एवढा कसला ताठा? माणसाच्या हातून चूक होत नाही? निदान आरडाओरडा करायचा, जावईबापूंना झापता तसं मला झापायचं. पण त्यांनी मला झापण्याच्याही लायकीचं ठेवलं नाही.

फेब्रुवारीत त्या गेल्या. छातीत दुखलं, समीर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याने मला फोन करून विचारलं, "तू बोलशील फ्युनरलला? तिला चर्चमधलं सगळ्यात जास्त तूच ओळखायची ना?" मी विचारलं, "समीर, आई माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या?" तो म्हणाला, "ऑनेस्टली? आईला खूप राग आला होता तुझ्यावर. त्या प्रोफेसरवर पण, पण तुझ्यावर मोअर. ती म्हणायची, त्याला काय माहीत, रश्मीला सगळं माहीत होता." तरीही मी हो म्हटलं.

क्रेमॅटोरियममध्ये आम्हाला अर्धा तास मिळाला होता. दुसऱ्या रांगेत आमची मॅनेजर बसली होती. ट्रस्टने पांढरी फुलं पाठवली होती, सोबतच्या कार्डावर 'आमच्या लाडक्या नीला यांस'. इतकी वर्षं दर गुरुवारी भेटलेल्या बाईचं नावही त्यांनी अर्धंच लिहिलं. मी उभी राहिले. घरून सगळं लिहून नेलं होतं. पाणचक्की, नवमी, वह्या, चाळीस पानं, माझा मेल. मॅनेजरने माझ्याकडे बघून धीर द्यावा तशी मान हलवली. आणि मी कागदाची घडी घातली आणि काकूंच्या चकल्यांबद्दल बोलले. त्यांच्या विनोदबुद्धीबद्दल बोलले. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. समीर म्हणाला, "लव्हली होता, थँक यू." घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि या वेळी ती दुसऱ्या कुणावर काढायला जागाच नव्हती.

करार संपल्यावर मी तो वाढवून मागितला नाही. ट्रस्टला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, की फलक यथावकाश बदलला जाईल तेव्हा आपल्या सूचनेचा विचार होईल. डॉक्टरांनी वह्या समीरला पोस्टाने परत केल्या, पानोपानी पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावलेल्या. त्यांचा या विषयावरचा लेख पुढच्या वर्षी येतो आहे म्हणे. येऊ दे.

तेव्हा इथे लिहिते, निदान मराठीत तरी एके जागी छापलेलं असू दे. त्या चर्चमधल्या काउंटला बायको एकच होती. तिचं नाव एर्मेसिंदा. ती मेली नव्हती, तिचं नाव बदललं होतं. हे शोधून काढलं द्वारका सोवनी यांनी, एकटीने, दोन हिवाळे ग्रंथालयात बसून. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी मूग गिळून बसले. एकदा नव्हे, दोनदा.

काकूंनी मला माफ केलं नाही. बरेच दिवस मला त्याचा राग होता. आता नाही. माफ केलं असतं, तर मी लाडवांचा डबा भरून परत येण्याची वाट बघत निवांत राहिले असते, आणि यातलं एक अक्षरही लिहिलं नसतं.